युद्धाच्या छायेतील लग्नगाठी

११ नोव्हेंबर १९४०. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या डेब्डन येथील हवाई तळाच्या नियंत्रण कक्षात एडिथ हीप ही तरुणी कामावर होती. भल्यामोठ्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर शत्रूच्या आणि स्वकीयांच्या विमानांच्या खुणा सरकवीत राहणे, हे तिचे काम. आकाशातील वैमानिकांचे बोलणे कक्षातील ध्वनिक्षेपकावर ऐकू येत होते. त्यातच 'ब्लू फोर' समुद्रात कोसळत असल्याचे शब्द तिच्या कानी पडले. 'ब्लू फोर' म्हणजे १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील वीस वर्षांचा वैमानिक डेनिस विसलर. त्याचे आणि एडिथचे लग्न ठरले होते. विसलर पुन्हा सापडला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात जुळलेल्या अनेक नात्यांची ही प्रातिनिधिक कहाणी आहे. युद्ध आणि प्रेम यांचे नाते जुनेच असले, तरी हवाई दलात त्याला वेगळे परिमाण लाभले. भूदलाचा सैनिक समुद्रापार लढत असे, खलाशी महिनोन्‌महिने जहाजावर असे. हवाई दलाचा वैमानिक मात्र संध्याकाळी तळावरून निघून जर्मनीवर बॉम्ब टाकी आणि वाचलाच, तर पहाटे त्याच तळावर परते. युद्धभूमी आणि नृत्याची संध्याकाळ यांत काही तासांचेच अंतर होते.

एकाच तळावर

महिलांचे सहायक हवाई दल २८ जून १९३९ रोजी स्थापन झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यात सुमारे १,७०० महिला होत्या. १९४३ मध्ये ही संख्या सुमारे १ लाख ८२ हजारांवर पोहोचली. या महिलांना लढाऊ उड्डाणे करण्याची मुभा नव्हती. रडारवर लक्ष ठेवणे, बिनतारी संदेश घेणे, पॅराशूटच्या घड्या घालणे, विमानचालकांना मोटारीतून विमानापर्यंत नेऊन सोडणे अशी कामे त्यांच्याकडे होती. साहजिकच, ज्याच्याशी ओळख वाढली त्याचे विमान निघताना आणि परतताना त्या प्रत्यक्ष हजर असत. घरी असलेल्या पत्नीला तारेने कळणारी बातमी येथे अनेकदा तारेच्या आधीच कळे, तीही कामावर असताना. त्या क्षणी टेबल सोडून जाण्याची सोय नसे.

घाई कशासाठी?

बॉम्बर विभागात सुमारे १ लाख २५ हजार विमानचालकांनी काम केले. त्यापैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. एका फेरीत साधारणपणे तीस मोहिमा पूर्ण कराव्या लागत. दर मोहिमेला शंभरपैकी पाच विमाने परतत नसतील, तर तीसही मोहिमा पार पाडण्याची शक्यता जेमतेम पाचांत एक उरते. वाईट काळात हानीचे प्रमाण याच घरात असे. गणित मांडले नाही, तरी भोजनगृहातील रिकाम्या खुर्च्या ते सांगतच होत्या.

या घाईला व्यावहारिक बाजूही होती. वाग्दत्त वधूला सरकारदरबारी स्थान नव्हते. विमान बेपत्ता झाल्याची तार आईवडिलांना जाई आणि निवृत्तिवेतनही विवाहित पत्नीलाच मिळे. लग्न झाले म्हणजे निदान अधिकृतपणे कळण्याचा हक्क तरी मिळत असे. चर्चमध्ये तीन रविवारी लग्नाची घोषणा करण्याच्या प्रथेऐवजी परवाना काढून तातडीने विवाह करता येई, त्यामुळे दोन दिवसांच्या रजेतही लग्ने उरकली जात. एकवीस वर्षांखालील मुलामुलींना मात्र पालकांची संमती लागे. १९४० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४ लाख ७० हजार विवाह झाले. १९३९ मध्ये हा आकडा ४ लाख ४० हजारांच्या आसपास होता.

नियम आणि कुजबुज

लग्नानंतर एकत्र संसार होईच असे नाही. बदल्या दलाच्या गरजेनुसार होत आणि नवराबायको अनेकदा वेगवेगळ्या तळांवर राहत. अधिकारी आणि इतर हुद्द्यांवरील कर्मचारी यांनी उघडपणे एकत्र वावरणे शिस्तीला धरून मानले जात नसे. गर्भवती महिलेला सेवा सोडावी लागे. याहून क्रूर होती ती तळावरची अंधश्रद्धा. जिचे एकापाठोपाठ एक मित्र मोहिमेवरून परतले नाहीत, ती 'अपशकुनी' ठरे आणि इतर विमानचालक तिच्याशी बोलणेही टाळत. दुःख तिचे आणि दोषही तिलाच, अशी ही रीत आपल्याकडील वाचकांना अनोळखी वाटू नये.

तरीही अनेकजणी कामावर टिकून राहिल्या. फेलिसिटी हॅनबरी यांचे वैमानिक पती १९३९ मध्ये विमान अपघातात मरण पावले. पुढच्याच वर्षी बिगिन हिल तळावर बॉम्बहल्ले झाले, तेव्हा तेथील महिलांच्या तुकडीचे नेतृत्व त्या करीत होत्या. १९४९ मध्ये महिला हवाई दलाच्या त्या पहिल्या संचालक झाल्या.

दोघेही वैमानिक

सोव्हिएत रशियात चित्र निराळे होते. तेथे महिला स्वतः लढाऊ उड्डाणे करीत. रात्रीचे बॉम्बहल्ले करणाऱ्या महिलांच्या रेजिमेंटमधील नादेझ्दा पोपोवा यांनी ८५२ मोहिमा केल्या. १९४२ मध्ये विमान पडल्यानंतर माघार घेणाऱ्या ताफ्यात त्यांना चेहऱ्याला पट्ट्या बांधलेला जखमी वैमानिक सिम्योन खार्लामोव भेटला. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी दोघांनाही 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. युद्ध संपले आणि त्यांनी लग्न केले. खार्लामोव १९९० मध्ये, तर पोपोवा २०१३ मध्ये निवर्तल्या.

सर्वांच्या वाट्याला असा शेवट आला नाही. लंडनजवळील रनीमीड येथे १९५३ मध्ये उभारलेल्या स्मारकावर, ज्यांना थडगेही मिळाले नाही अशा हवाई दलाच्या वीस हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. डेनिस विसलरचे नाव त्यांत आहे. त्यांच्यासाठी थांबलेल्या मुलींची नोंद मात्र कोणत्याही दगडावर नाही.