सागरपरिक्रमेची नौका : बांधावी की विकत घ्यावी?

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचे एक हिरवेगार बेट आहे. रायबंदर किंवा जुने गोवे येथून फेरीबोटीने नदी ओलांडली की या बेटावर पाऊल पडते. शांत, संथ आणि शहरी धावपळीपासून दूर असे हे ठिकाण. याच बेटावरील एका लहानशा कारखान्यात श्री. रत्नाकर दांडेकर फायबरग्लासच्या नौका तयार करीत असत. अशा या कारखान्याने पृथ्वीप्रदक्षिणेसाठी ५६ फूट लांबीची शिडाची नौका बांधावी, हा विचारच अनेकांना धाडसाचा वाटला असेल. मात्र ती नौका बांधली गेली, १२ फेब्रुवारी २००९ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली आणि पुढे तिने इतिहास घडविला. तिचे नाव ‘म्हादेई’.

या कथेची सुरुवात व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या स्वप्नापासून होते. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेले हे सेनानी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे स्थायिक झाले होते. एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी आणि ती नौकाही भारतातच बांधलेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. नौदलाने ‘सागर परिक्रमा’ या नावाने हा प्रकल्प हाती घेतला. २००६ साली कमांडर दिलीप दोंदे यांनी त्यासाठी स्वतःहून नाव दिले, तेव्हा एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. हाताशी नौकाही नव्हती.

दीर्घ सागरसफरीचा संकल्प करणाऱ्या प्रत्येकासमोर जो प्रश्न उभा राहतो, तोच येथेही होता. नौका नव्याने बांधावी, की परदेशातून तयार, वापरलेली नौका विकत घ्यावी? तयार नौका लवकर हाती येते आणि तिचे गुणदोष अनेक सफरींतून उघड झालेले असतात. नव्या बांधणीत वेळ जातो, खर्चाचा अंदाज चुकू शकतो आणि पहिल्या सफरीपर्यंत तिची खरी परीक्षा होत नाही. तरीही आवटी यांच्या आग्रहानुसार बांधणीचा मार्ग निवडला गेला.

देवदाराच्या पट्ट्यांतून आकाराला आलेली नौका

‘म्हादेई’चा आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन डे स्टाट या नामांकित संस्थेचा होता. तिचे शरीर रेड सीडार या देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचे आहे. या पद्धतीत प्रथम नौकेच्या आकाराचे साचे ठरावीक अंतरावर उभे करतात. त्यांवर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवीत जातात. मग आतून-बाहेरून काचतंतूचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून बसवितात. लाकूड हलकेपणा देते, काचतंतू बळकटी देतो आणि इपॉक्सी पाण्याला दूर ठेवते.

या पद्धतीला आर्थिक बाजूही आहे. कारखान्यातून एकसारख्या अनेक नौका काढायच्या असतील, तर फायबरग्लासचा महागडा साचा परवडतो, कारण त्याचा खर्च सर्व नौकांमध्ये विभागला जातो. एकच नौका बांधायची असेल, तर तो सारा भार त्या एकीवर पडतो. अशा वेळी लाकडी पट्ट्यांची पद्धत सोयीची ठरते. तयार नौका नव्या बांधणीपेक्षा सहसा स्वस्त का पडते, याचे उत्तरही यातच आहे.

सुमारे २३ टन वजनाच्या आणि २५ मीटर उंच डोलकाठीच्या या नौकेला मांडवीचेच मूळ नाव मिळाले. बांधणीच्या काळात कमांडर दोंदे कारखान्यात सतत वावरत होते. कोणती नळी कोठून जाते, कोणता बोल्ट कशाला धरून आहे, हे त्यांना ठाऊक झाले. भर समुद्रात मदतीला कोणीही नसते; तेथे खलाशी स्वतःच सुतार, तारतंत्री आणि यंत्रज्ञ असतो. बांधणीला दिलेला वेळ हा म्हणूनच प्रशिक्षणाचाही वेळ होता.

१९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ मुंबईहून निघाली. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये ती मुंबईला परतली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे हे पहिले भारतीय ठरले. पुढे याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडली आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी प्रदक्षिणा पूर्ण केली.

मुंबईची ‘सुहैली’

दोंदे यांना धडे देणाऱ्यांमध्ये ब्रिटिश नाविक सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे नाव अग्रभागी आहे. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातील पहिला माणूस म्हणजे सर रॉबिन. त्यांचीही नौका भारतातच, मुंबईत कुलाब्याला बांधलेली होती.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी असलेल्या तरुण रॉबिन यांनी एका नौकेचे आराखडे मागविले; पण हाती पडले ते दुसऱ्याच, जुन्या धाटणीच्या नौकेचे. नवे मागविण्याऐवजी त्याच आराखड्यांवरून काम सुरू झाले. मुंबईच्या कारागिरांनी सागवानातून, पारंपरिक हत्यारांनी ही ३२ फुटी नौका घडविली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. १९६५ च्या अखेरीस मुंबई सोडून, आफ्रिकेला वळसा घालून ती १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली.

पृथ्वीप्रदक्षिणेसाठी रॉबिन यांना खरे तर मोठी, नवी नौका हवी होती. त्यासाठी लागणारा पैसा मात्र उभा राहिला नाही. अखेर आहे त्याच ‘सुहैली’ला घेऊन ते १४ जून १९६८ रोजी फाल्मथ बंदरातून निघाले. अटलांटिक महासागरात तळाच्या फळ्यांचे सांधे सैल होऊन पाणी आत येऊ लागले. रॉबिन यांनी पाण्यात बुड्या मारून सांध्यांत कापसाची दोरी ठासली आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. पुढे स्वयंचलित सुकाणू मोडले, रेडिओ बंद पडला, पिण्याचे पाणी खराब झाले. तरीही ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी ‘सुहैली’ फाल्मथला परतली. शर्यतीत भाग घेतलेल्या नऊ जणांपैकी प्रदक्षिणा पुरी करणारे ते एकटेच होते. हवी तशी नौका मिळाली नाही म्हणून ते अडून बसले नाहीत आणि असलेल्या नौकेची नस न् नस ते ओळखत होते, हेच त्यांचे भांडवल होते.

एक बांधलेली, एक विकत घेतलेली

त्या शर्यतीला ५० वर्षे झाली म्हणून २०१८ साली जुन्याच पद्धतीची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत भरविण्यात आली. उपग्रहाच्या साहाय्याने दिशा शोधायची नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे एवढ्यावरच भिस्त ठेवायची, असा तिचा नियम. अभिलाष टॉमी यांच्यासाठी दांडेकरांच्या गोव्यातील कारखान्यात ‘सुहैली’च्या आराखड्यावर ‘तुरीया’ ही नौका बांधण्यात आली. मुंबईत जन्मलेला आकार अर्धशतकानंतर गोव्यात पुन्हा साकारला.

सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील भीषण वादळाने ‘तुरीया’च्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. हालचाल करणेही अशक्य असताना त्यांनी मदतीची वाट पाहिली आणि २४ सप्टेंबर रोजी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. नौका सोडून द्यावी लागली. त्याच वादळात आयर्लंडच्या एका स्पर्धकाच्या नौकेच्याही डोलकाठ्या गेल्या. उत्तम बांधणीदेखील समुद्रापुढे हमीपत्र नसते, हे त्या दिवशी दिसले.

टॉमी चालू लागले, पुन्हा समुद्रावर परतले आणि २०२२ च्या शर्यतीत त्यांनी नाव नोंदविले. या वेळी त्यांनी दुसरा मार्ग निवडला. ‘रस्टलर ३६’ या ब्रिटिश बनावटीची वापरलेली नौका घेऊन ती नव्याने सज्ज करण्यात आली. २०१८ ची शर्यत जिंकणारी नौकाही याच बनावटीची होती. म्हणजे आराखड्याची परीक्षा आधीच झालेली होती. ‘बायानत’ असे तिचे नाव. शर्यतीच्या थोडेच दिवस आधी एका जहाजाला धडकून तिचा पुढचा भाग दुखावला. तो वेळेत दुरुस्त झाला. वाटेत वाऱ्यावर चालणारे सुकाणू नादुरुस्त झाले, तेव्हा टॉमी यांनी नौकेतल्याच लाकडी सामानातून त्याचे भाग तयार केले. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनंतर, ते दुसऱ्या क्रमांकाने किनाऱ्यास लागले.

खरेदीपूर्वीची दक्षता

वापरलेली नौका घेताना जाणकार काही पथ्ये आवर्जून पाळतात. नौका पाण्याबाहेर काढून स्वतंत्र तपासनिसाकडून तपासून घेणे हे पहिले. तो लहान हातोडीने अंग ठोकून आवाज ऐकतो. बद्द आवाज आला, तर थर सुटल्याची शंका घेतो. फायबरग्लासमध्ये ओलावा मुरून फोड आले आहेत का, कील धरून ठेवणारे बोल्ट गंजले आहेत का, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांचे वय किती, हे तो पाहतो. इंजिन, शिडे आणि विजेची जोडणी यांची तपासणीही ओघाने येते. मालकीची कागदपत्रे निर्वेध आहेत आणि विमा मिळू शकतो, याचीही खात्री करावी लागते.

नवख्याची चूक होते ती अंदाजपत्रकात. सारी पुंजी नौकेच्या किमतीत घालून तो मोकळा होतो आणि नंतर तारा, शिडे, जीवरक्षक तराफा, सुटे भाग यांसाठी हात आखडतो. समुद्रात प्राण वाचतात ते बहुधा याच गोष्टींवर. अनुभवी नाविक म्हणूनच आपल्या कुवतीपेक्षा लहान नौका घेतात आणि उरलेली रक्कम तिच्या सज्जतेसाठी राखून ठेवतात. ठेव असो वा नौका, राखीव निधीवाचून दूरचा पल्ला गाठता येत नाही.

वारसा पुढे चालू

‘म्हादेई’च्याच आराखड्यावर, त्याच कारखान्यात बांधलेली ‘तारिणी’ फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला अनपेक्षित थांबा घ्यावा लागला. दुरुस्ती करून त्या सुखरूप गोव्यात पोहोचल्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच ‘तारिणी’तून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या.

व्हाइस ॲडमिरल आवटी यांचे ४ नोव्हेंबर २०१८ रोजी विंचुर्णी येथे निधन झाले. सहा महिलांची परिक्रमा पूर्ण झालेली त्यांनी पाहिली होती. बांधावी की विकत घ्यावी, या प्रश्नाचे एकच उत्तर या साऱ्या प्रवासातून मिळत नाही. ‘म्हादेई’ बांधून यश आले, ‘बायानत’ विकत घेऊनही आले. दोन्ही वेळा नाविकाला आपली नौका आतून-बाहेरून ठाऊक होती, आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर वेळ व पैसा खर्च करण्यात कुचराई झाली नव्हती. रंग आणि झगमग बंदरातच शोभतात. भर समुद्रात साथ देतात ते पाण्याखालचे सांधे.