गाव उठलं, खानेसुमारी चालूच

सरका कंदिलाजवळ. आज एका डोंगरातल्या गावाची खानेसुमारी सांगतो, आणि ती अशी न्यारी की माणसं शून्य भरली तरी वस्ती वाढतच गेली.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या डोंगररानात टिपेश्वर म्हणून गाव होतं, टिपाई देवीच्या नावानं ओळखलं जाणारं. १९९७ साली भोवतालचं जवळपास १४८ चौरस किलोमीटर रान अभयारण्य झालं, आणि पुढे टिपेश्वर अन् मारेगाव ही रानातली गावं बिऱ्हाड उचलून बाहेर गेली. दारचा निंब मागे ठेवून निघणं काय असतं, ते निघणाऱ्यालाच ठाऊक. पण गुराढोरांच्या शेणामुतानं पोसलेली वावरं कुठे मोकळी राहतात? त्यांवर गवत माजलं, गवताला चितळं आली, रोही आले, आणि त्यांच्या मागं, पाहुण्यानं पंगतीचा वास काढत यावं तसा, वाघ आला.

आता वाघाच्या घरची रीत ऐका. आपल्यात लेक सासरी जाते नं? तिथं उलटं! लेकीला बहुधा आईच्या पट्ट्यालगतच जागा मिळते, आणि पोट्टं दोन वर्षांचं झालं की त्याला घराबाहेरची वाट. वाटणी नाही की बोहणी नाही. नावसुद्धा आईवरूनच. टी-१ वाघिणीचं पहिलं पिल्लू म्हणून एकाचं नाव पडलं टी-१ सी-१.

२०१९ च्या फेब्रुवारीत या पोट्ट्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधला, आणि जूनमध्ये, ऐन पेरणीच्या दिवसांत, ते निघालं. दिवसा नाल्याच्या झुडपात झोपायचं, रात्री चालायचं. पावसाळा सरता सरता पऱ्हाटी अन् तुरी अशा उंच झाल्या की धूड लपायला रान लागू नये. तेलंगणात डोकावलं, पैनगंगेच्या काठानं फिरलं, हिंगोली, वाशीम, अकोला करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलं. तेराशे किलोमीटरच्या वर चाल! आमच्या गावचा एक म्हातारा पंढरीची वारी पायी केल्याचं आयुष्यभर सांगत होता. त्याला हे सांगायला हवं होतं.

ज्ञानगंगेत सारं होतं बरं. पाणी होतं, शिकार होती, भांडायला दुसरा नर नव्हता. फक्त वाघीण नव्हती. शहरात खोली घेतली, नोकरी लागली, पण सोयरीक जुळेना, अशी आपल्या पोट्ट्यांची गत असते नं, तशीच.

पुढे २०२१ साली टिपेश्वरचाच आणखी एक वाघ पार गौताळ्याच्या रानातल्या कॅमेऱ्यात दिसला. म्हणजे बघा, माणसं गेली, वाघ आले, आणि त्यांचीही पोरं आता जागेपायी गाव सोडू लागली. डोंगरातल्या गावाच्या खानेसुमारीत ‘बाहेरगावी गेलेले’ हा रकाना काही रिकामा राहत नाही, बाप्पा. वस्ती कोणाचीही असो.