कर्करोगावरील पूरक आणि पर्यायी उपचार

कर्करोगाच्या संदर्भात ‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ ही विशेषणे पुष्कळदा एकाच अर्थाने योजिली जातात. वस्तुतः त्यांतील भेद रुग्णाच्या दृष्टीने जीवनमरणाचा आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा रासायनिक उपचार चालू असता मळमळ, वेदना किंवा चिंता सुसह्य व्हावी म्हणून केलेला उपचार पूरक होय. त्यांच्या जागी केलेला तो पर्यायी. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोग दूर न पसरलेल्या परंतु केवळ पर्यायी उपचार स्वीकारणाऱ्या २८१ रुग्णांना मृत्यूचा धोका, प्रस्थापित उपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांच्या अडीचपट आढळला.

याचा अर्थ लोकवैद्यकातील प्रत्येक वनस्पती निरुपयोगी, असा मात्र नव्हे. सदाफुली मधुमेहावर गुणकारी आहे, असा समज जमैकात होता. कॅनडात नोबल व बिअर यांनी उंदरांवर तो पडताळून पाहिला, तेव्हा रक्तातील साखर उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. या अनपेक्षित निरीक्षणातून व्हिन्ब्लास्टिनचा शोध लागला व तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. याच वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टिन पुढे मुलांच्या रक्तकर्करोगावर उपयुक्त ठरले.

जर्दाळूच्या बियांतील ॲमिग्डॅलिनशी संबंधित ‘लेट्राइल’चीही अशीच परीक्षा झाली. १७८ रुग्णांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झाले. रोगास उतार पडला नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण घातक मर्यादेजवळ गेले.

दोन्ही द्रव्यांचे मूळ वनस्पतीतच होते. त्यांचे मोल ठरविले ते प्रयोगाने. परंपरेकडून संशोधकास प्रश्न मिळू शकतो. उत्तर मात्र परीक्षणातूनच मिळवावे लागते.