माळ्यावरचे कागद आणि विद्यापीठाचा दप्तरखाना

घराचा माळा झाडताना जुन्या कागदांचे गाठोडे हाती लागले, म्हणजे एक प्रश्न हटकून उभा राहतो : हे ठेवावे की रद्दीत घालावे? सामान्य गृहस्थाला पडणारा हा प्रश्न मोठमोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथपालांनाही पडत असतो. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाने त्याचे जे उत्तर दिले, त्यामुळे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासातील एक हरवलेले पान पुन्हा वाचता येऊ लागले.

कैरो शहराच्या जुन्या भागात, फुस्तात येथे, बेन एझ्रा नावाचे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ईश्वराचे नाव ज्यावर लिहिले आहे तो कागद जीर्ण झाला तरी नष्ट करू नये, असा त्या धर्मातील दंडक. म्हणून असे कागद मंदिरातील एका बंद खोलीत टाकून ठेवीत. या खोलीला गेनिझा म्हणत. पुढे धर्मग्रंथांच्या सोबतीने विवाहाचे करारनामे, व्यापाऱ्यांची पत्रे, हिशेबाचे चिठोरे, मुलांचे कित्ते, असे सारेच तिथे साठत गेले. मिसरच्या कोरड्या हवेत हा ढीग शतकानुशतके टिकून राहिला.

१८९६ साली ॲग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या विदुषी भगिनींनी पूर्वेच्या प्रवासातून काही हस्तलिखित पाने केंब्रिजला आणली. तेथील यहुदी पंडित सॉलोमन शेक्टर यांनी त्यांतील एक पान ओळखले. ज्याची मूळ हिब्रू संहिता लुप्त झाली असे मानले जात होते, त्या बेन सीराच्या ग्रंथाचे ते पान होते! चार्ल्स टेलर यांनी खर्चाचा भार उचलला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेक्टर कैरोला पोहोचले. त्या खोलीतील धुळीत बसून त्यांनी कागद निवडले. १८९८ साली हा संग्रह विद्यापीठाला अर्पण करण्यात आला. त्यात सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

खरी कसोटी यानंतरच होती. शेक्टर यांचे लक्ष मुख्यतः धर्मग्रंथांकडे होते. निवड झाल्यावर जे उरले, ते पेट्यांत भरून बाजूला ठेवण्यात आले. त्या काळच्या दृष्टीने तो केवळ कचरा होता. परंतु ग्रंथालयाने तो फेकला नाही. अर्धे शतक लोटल्यावर, १९५० नंतरच्या दशकात, त्या पेट्या पुन्हा उघडण्यात आल्या.

याच सुमारास शेलोमो गोइटाइन हे इतिहासकार गेनिझातील व्यापारी कागदपत्रांच्या अभ्यासात गढून गेले होते. अब्राहम बेन यीजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रे त्यांनी जुळवली. हा गृहस्थ मूळचा ट्युनिशियाचा. बाराव्या शतकात, सुमारे १७ वर्षे, त्याचा मुक्काम मंगळूर आणि मलबारच्या परिसरात होता. तिथे त्याने पितळी भांड्यांचा कारखाना काढला. तो एडनला मिरी, वेलदोडे, सुपारी आणि लोखंड धाडी, तर तिकडून त्याला तांबे, साखर, मनुका आणि कोरे कागद येत. मलबारात कागदाची एवढी टंचाई, की आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागेतच तो आपले हिशेब लिही! बोम्मा नावाचा त्याचा विश्वासू सेवक आणि त्याने दास्यमुक्त केलेली आशू ही स्त्री यांची नावेही याच कागदांत आढळतात. कोणत्याही राजाच्या बखरीत ही माणसे सापडली नसती.

जतनाचे काम मात्र चिकाटीचे होते. चुरगळलेला प्रत्येक तुकडा हलक्या हाताने स्वच्छ करायचा, दमट करून सरळ करायचा आणि पारदर्शक पॉलिएस्टरच्या दोन तावांमध्ये ठेवायचा. म्हणजे शाईला बोट न लावता दोन्ही बाजू वाचता येतात. १९७४ साली विद्यापीठाने यासाठी स्वतंत्र संशोधन विभाग स्थापला. पुढे तुकड्यांची छायाचित्रे संगणकावर आली आणि एकाच पत्राचे दोन ग्रंथालयांत विखुरलेले भाग शेजारी शेजारी ठेवून वाचणे शक्य झाले. तरीही मूळ कागदाची गरज संपत नाही. कागदाचा पोत, घड्यांच्या खुणा, शाईचा थर या गोष्टी मुळातूनच तपासाव्या लागतात.

हा संग्रह केंब्रिजला अर्पण झाला त्याच १८९८ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांची मोडी दप्तरे मिळवली. ती तोवर जपली होती कोणी? बहुधा अशाच कुटुंबांनी, ज्यांना त्यांतले एक अक्षरही लागत नसेल.

उद्याचा संशोधक कोणता प्रश्न विचारील, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ग्रंथपालाने आपल्या आवडीनिवडीला थोडा आवर घालावा लागतो. आणि आपणही, पुढच्या वेळी माळ्यावरचे ते गाठोडे खाली काढू तेव्हा, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एकदा जाणत्या माणसाला दाखवावे, हे बरे.