हबशी : एक शब्द, दोन सत्ताधीश

आमच्या चारठाण्याकडे काळ्या, आडदांड माणसाला हिणवायला ‘हबशी’ म्हणतात. मुळात हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया.

२ नोव्हेंबर १९३० रोजी तिथला रास तफारी हा ‘हैले सेलासी’ या नावाने सम्राट झाला. गुलामगिरीचा वारसा सोसणाऱ्या जमैकातील गरीब कृष्णवर्णीयांनी त्याला साक्षात देव मानले. रास्ताफारी हे पंथाचे नाव त्याच्याच जुन्या नावावरून पडले. तो स्वतः मात्र शेवटपर्यंत ख्रिस्तीच राहिला. १९६६ मध्ये तो जमैकाला गेला, तेव्हा विमानतळावर भक्तांचा पूर लोटला. १९७४ मध्ये लष्कराने त्याला पदच्युत केले. श्रद्धा मात्र टिकली.

त्याच देशातून पकडून आणलेला, बाजारात अनेकदा विकला गेलेला एक मुलगा सोळाव्या शतकात दख्खनेत आला. हाच मलिक अंबर. पुढे तो निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. नहरीने पाणी आणले. जमिनीचा कस पाहून सारा ठरवला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवले. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. ‘शिवभारत’कार परमानंदानेही त्याचे शौर्य गौरवले आहे.

जमैकाच्या लोकांनी मान ताठ करण्यासाठी दूरदेशीचा सम्राट देव्हाऱ्यात बसवला. आपल्याकडे विकला गेलेला हबशी स्वतः राज्य चालवून १६२६ मध्ये वारला, खुलताबादला विसावला. त्याला देव करण्याचे कारण नाही. त्याच्या देशाच्या नावाची शिवी तरी होऊ नये.