निळू फुले : पडद्यावरचा पाटील

अभिनेत्याचा चेहरा सर्वस्वी त्याच्या मालकीचा राहत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नट, गायक आणि समतेच्या लढ्यातील अग्रणी पॉल रॉबसन यांना याचा कटू अनुभव आला. आफ्रिकी संस्कृतीचे यथार्थ दर्शन घडेल या अपेक्षेने त्यांनी 'सँडर्स ऑफ द रिव्हर' (१९३५) या ब्रिटिश चित्रपटात भूमिका केली. पडद्यावर अवतरला तो साम्राज्याचा गौरव. या चित्रपटाचा त्यांनी पुढे धिक्कार केला आणि १९४२ मध्ये हॉलिवूडकडे पाठ फिरविली.

महाराष्ट्रात निळू फुले (१९३०–२००९) यांच्यापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा समाजवादी कार्यकर्ता. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना कीर्ती दिली, 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटाने पडदा दिला. त्यानंतर मात्र पाटील, सरपंच, सावकार अशा खलपुरुषांची रांगच लागली. खेड्यांतील स्त्रिया त्यांचा मनापासून तिरस्कार करीत, आणि त्यांच्या अभिनयाला याहून मोठी पावती कोणती असणार!

रॉबसन यांच्याप्रमाणे फुले यांनी पाठ फिरविली नाही. ज्यांच्या विरोधात ते चळवळीत उभे होते, त्यांनाच त्यांनी आतून ओळखले व उभे केले. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला व जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' हा त्याचा उत्तम दाखला होय. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातील हिंदूराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. तो आरडाओरडा करीत नाही; पाहुणचार करतो, मद्यपी मास्तराला आसरा देतो. नाहीशा झालेल्या मारुती कांबळे या माजी सैनिकाविषयी मास्तर पुनःपुन्हा विचारू लागतो, तेव्हा या सौजन्याखाली काय दडले आहे ते हळूहळू उघड होते. सहकारातून आलेली संपत्ती आणि तिच्या आधाराने गावावर बसलेली जरब यांचे इतके नेमके चित्रण मराठीत क्वचितच झाले असेल. 'सिंहासन' (१९७९) मध्ये तर ते उलट बाजूस, सत्तेचा खेळ पाहून हतबुद्ध होणाऱ्या पत्रकार दिगू टिपणीसच्या भूमिकेत दिसतात.

त्यांचे सारेच चित्रपट या तोलाचे नव्हते. पुष्कळ चित्रपटांतील पाटील केवळ लंपट आहे. तेथे अन्यायाचे मूळ व्यवस्थेत न दिसता एका माणसाच्या वासनेत दिसते, आणि प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जातो. ही उणीव पटकथांची होती, तरी ती त्यांच्या नावावर जमा झाली.

पडद्याबाहेर त्यांचे कार्य चालूच होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला त्यांनी साथ दिली. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या साहाय्यार्थ सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यासाठी डॉ. श्रीराम लागू यांच्यासमवेत त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. त्या प्रयोगांना लोक येत ते बहुधा पडद्यावरच्या पाटलालाच पाहावयास.