पावसाळ्यातलं गर्भारपण आणि फ्लूची लस

घरात सून किंवा लेक गरोदर असली की आपण तिला किती जपतो! पपई खाऊ नकोस, जिना जपून उतर, तिन्हीसांजेला बाहेर पडू नकोस. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, हेही न चुकता विचारतो. पण डॉक्टरीणबाईंनी फ्लूची लस सुचवली, की मात्र कुरकुर सुरू होते. "साध्या सर्दी-तापासाठी पोटुशा बाईला सुई कशाला? आलं-गवती चहाचा काढा पुरे!"

काढ्याने घशाला आराम पडतो, हे खरं. पण फ्लू म्हणजे साधं पडसं नव्हे.

गरोदरपणातच भीती का?

महिने भरत येतात तसं गर्भाशय वर चढतं, श्वासाला जागा अपुरी पडते, हृदयाचं कामही वाढतं. एरवी चार दिवसांत उतरला असता तोच आजार मग छातीत उतरतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. जास्त ताप बाळालाही सोसत नाही. दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याचा धोका वाढतो.

२००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. भारतातला तिचा पहिला बळी त्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. त्याच साथीत अमेरिकेत असं दिसलं, की लोकसंख्येत गरोदर बायका शंभरात एक, पण सुरुवातीच्या काही महिन्यांतल्या मृतांत त्या शंभरात पाच! २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या लसीसाठी गरोदर स्त्रियांना पहिला मान दिला. २०१५ साली आपल्या राज्य सरकारनेही चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर स्त्रियांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली.

केव्हा घ्यावी?

आपल्या मुंबई-नवी मुंबईकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. वाशी-नेरुळहून रोज लोकलच्या गर्दीत जाणारी नोकरदार बाई असो, की घरी राहणारी, पण जिचे यजमान त्या गर्दीतून घरी येतात ती असो; आजार दोघींच्याही दारात येतो. लसीचा गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच घेतलेली बरी. राहून गेली तर पावसाळ्यातही घेता येते. ही लस कोणत्याही महिन्यात चालते. तरी आपल्याकडचे बरेच डॉक्टर पहिले तीन महिने उलटल्यावर देतात. आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मात्र लस दंडात टोचायचीच हवी. नाकात फवारायच्या लसीत जिवंत विषाणू असतात, ती गरोदर बाईला चालत नाही. टोचायच्या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, इतकंच. पूर्वी एखाद्या लसीने जोराचा त्रास झाला असेल, किंवा अंड्याचं वावडं असेल, तर तसं आधी सांगावं. मागच्या वर्षी घेतली असली तरी यंदा पुन्हा घ्यावी, कारण फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो.

बाळाचाही वाटा

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्या तान्ह्याला संरक्षण मिळतं ते आईकडूनच. आईच्या रक्तात तयार झालेली शक्ती नाळेतून त्याला पोचते. म्हणजे सुई एक, आणि राखण दोघांची!

ही लस सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात धनुर्वाताच्या इंजेक्शनासारखी धरलेली नाही. त्यामुळे कुणी आपणहून देईल म्हणून वाट पाहू नये. पालिकेच्या दवाखान्यात नाव घालतानाच चौकशी करावी. तिथे नसेल तर खासगीत पैसे पडतील, पण डोहाळजेवणाच्या खर्चात तेवढी तजवीज सहज होते.

लस घेतली तरी साधी सर्दी होईल, कधी फ्लूही होईल. पण तो बहुधा सौम्य असतो. ताप आला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त गुण येतो. धाप लागली, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर रात्र असली तरी तडक इस्पितळ गाठावं.

सासूबाईंनो, पुढच्या तपासणीला सुनेबरोबर तुम्हीच जा, आणि लसीची गोष्ट तुम्हीच काढा.